तिजोरीसाहेबांनी पाठवलेला मेल

कोर्टात त्यांना सगळे तिजोरीसाहेब म्हणत. तोंडावर नाही, पण आवाज फारसा खाली न आणता. कारण एवढंच, की या वकिलांच्या पोटात गेलेली गोष्ट पुन्हा बाहेर आल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. घटस्फोट असो, भावाभावांतली वाटणी असो की एखाद्या बड्या माणसाचं छोटंसं लफडं असो, पक्षकाराने त्यांच्यासमोर बसून सांगितलं की ते तिथेच राहायचं. बायकोलाही ते ताकास तूर लागू देत नसत. शेजारीण आपल्याच नवऱ्याची पक्षकार आहे हे त्या माउलीला शेजारणीकडून कळलं, तेही निकाल लागल्यावर. तिने जाब विचारला तेव्हा साहेब म्हणाले, तिने सांगितलं ना, मग तो तिचा अधिकार झाला, माझा नव्हे. पुढचे कितीतरी दिवस ती त्यांच्याशी फक्त भाजीपाल्याबद्दल बोलत होती.

अशा माणसाकडून काही सांडेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. त्यांच्या भाचीच्या मात्र रोज येत होतं.

साहेबांचं ऑफिस दोन खोल्यांचं होतं. खाली चष्म्याचं दुकान, वर जिन्याच्या पहिल्या वळणावर यांचा दरवाजा. बाहेरच्या खोलीत टायपिस्टबाई आणि पक्षकारांसाठी एक लांब बाकडं, आतल्या खोलीत साहेब, आणि मधल्या कोनाड्यात, जिथे पूर्वी फायलींचं एक कपाट होतं, तिथे भाची. वकिलीची सनद मिळाल्यावर ती मोठ्या शहरातल्या मोठ्या कचेरीत काही वर्षं काढून आली होती आणि आता मामाची भागीदार झाली होती. येताना तिने सोबत एक सवय आणली होती. कुठलंही यंत्र दिसलं की ती आधी विचारायची, याला कुलूप आहे का?

कुलूप होतं. म्हणजे पासवर्ड होता. अख्ख्या ऑफिसला मिळून एकच, साहेबांच्या बायकोचं माहेरचं नाव आणि पुढे लग्नाचं वर्ष. टायपिस्टबाई हुशार होत्या, पण एका गोष्टीत त्यांचा नेहमी गोंधळ व्हायचा. मग त्या बाहेरच्या खोलीतून विचारायच्या, "साहेब, वहिनींच्या नावाचं पहिलं अक्षर मोठं की छोटं?" आतून साहेबांचं उत्तर यायचं, मोठं. साहेबांना अलीकडे जरा कमी ऐकू यायचं, त्यामुळे त्यांचं बोलणंही जरा जास्तच ऐकू जायचं. टंकलेखनाच्या आवाजात बाईंना चुकून ऐकू आलं नाही, तर बाकड्यावर बसलेला एखादा पक्षकार मदत करायचा, "मोठं म्हणतायत."

याशिवाय साहेबांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात एक पेनड्राइव्ह लटकत असे. त्यात चालू असलेल्या सगळ्या केसेस होत्या. जुडगा साहेबांबरोबर कोर्टात जायचा, न्हाव्याकडे जायचा, बाजारात जायचा. औषधाच्या दुकानात तो एकदा विसरला होता, तेव्हा दुकानदार मागून हाका मारत आला होता, की साहेब, तुमच्या केसेस राहिल्या. आणि फोनमध्ये बोलून मजकूर उतरवता येतो हे कुणीतरी दाखवल्यापासून साहेब कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसून फोनला मजकूर सांगू लागले होते, शांतपणे, सावकाश आणि खणखणीत. ज्या गोष्टी त्यांनी बायकोला सांगितल्या नव्हत्या, त्या व्हरांड्यातल्या चहावाल्याला पाठ होत्या. तो भला माणूस होता म्हणून बरं.

भाचीने हरतऱ्हेने सांगून पाहिलं. मामा, प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा हवा. मामा, पेनड्राइव्ह हरवला तर कुणीही उघडून वाचेल. मामा, मेल पाठवण्याआधी नाव नीट बघत जा. साहेब मान डोलवायचे. शेवटी एकदा ती फारच मागे लागली तेव्हा ते म्हणाले, की अगं, चोर समजा कपाटात शिरला, तरी माझं अक्षर त्याला लागणार आहे का? अक्षर आता संगणकाचं आहे, मामा, असं तिने सांगितल्यावर ते थोडे विचारात पडले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी फायलींच्या कपाटाला एक भलंमोठं पितळी कुलूप लावून घेतलं. आता तरी समाधान झालं ना, असं त्यांनी भाचीला विचारलं. भाचीने कपाळाला हात लावला, पण मामाला दिसणार नाही असा.

त्याच सुमारास स्टुडिओवाल्या ताईंची केस आली.

चौकात जुना फोटो स्टुडिओ होता. ताईंच्या नवऱ्याने आणि धाकट्या दिराने भागीदारीत चालवलेला. नवरा फोटो काढायचा, दीर व्यवहार बघायचा. नवरा गेल्यावर ताई काउंटरवर उभ्या राहिल्या, आणि थोड्याच दिवसांत वहिनी आणि दीर यांचं पटेनासं झालं. भांडण वाईट नव्हतं, पण चिवट होतं. जागा कुणाची, यंत्रं कुणाची, पाटीवरचं नाव कुणाचं. दोघांनी वकील केले. साहेबांच्या खोलीत दार लावून बसल्यावर ताईंनी खरं काय ते सांगितलं. त्यांना स्टुडिओ नकोच होता. जागा सोडायलाही त्या तयार होत्या. त्यांना हवी होती ती मागच्या अंधाऱ्या खोलीतली निगेटिव्हची कपाटं. नवऱ्याने आयुष्यभर काढलेले फोटो त्यात होते, गावातली लग्नं, शाळांचे वर्ग, आता नसलेली माणसं. दिराला ती कपाटं म्हणजे अडगळ वाटत होती. पण आपला जीव त्यात अडकलाय हे त्याला कळलं तर तो तीच धरून बसेल, एवढं ताई ओळखून होत्या. साहेबांनाही ते पटलं. त्यांनी ठरवलं, की आधी जागेवरून खूप ताणायचं, आणि शेवटी दमल्यासारखं करून जागा सोडताना कपाटांचं नाव सहज मध्ये घालायचं. बेत चांगला होता.

हा बेत ताईंना नीट लिहून कळवावा म्हणून साहेबांनी मेल लिहायला घेतला. टायपिस्टबाई दाताच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या आणि भाची कोर्टात होती. साहेबांनी स्वतः, एकेक बोट चालवत, सगळं लिहिलं. मग ताईंच्या पत्त्याची पहिली दोन अक्षरं टाकली, आणि संगणकाने पुढचा पत्ता आपणहून लिहून दिला. साहेबांना त्या यंत्राबद्दल पहिल्यांदाच थोडा आदर वाटला. त्यांनी मेल पाठवला आणि चांगल्या मनःस्थितीत चहा मागवला.

तो चहा संपायच्या आत फोन वाजला. पलीकडे दिराचे वकील होते.

या वकिलांना बाररूममध्ये खिडकीवाले म्हणत, कारण तिथली खिडकीजवळची खुर्ची त्यांची होती. निदान त्यांचं तसं म्हणणं होतं. साहेबांचंही त्या खुर्चीबद्दल तेच म्हणणं होतं. यावरून दोघांचं कधीकाळी जे बिनसलं ते बिनसलंच. कोर्टात ते एकमेकांना माझे विद्वान मित्र म्हणत, आणि कोर्टाबाहेर काहीच म्हणत नसत. त्यामुळे फोनवर त्यांचा आवाज ऐकून साहेब चकित झाले.

"साहेब, तुमचा एक मेल माझ्याकडे आलाय," खिडकीवाले म्हणाले. "'ताई, काल आपलं जे बोलणं झालं' अशी सुरुवात आहे. मी काही तुमची ताई नव्हे, म्हणून तिथेच थांबलो. काय करू, सांगा."

गेल्याच आठवड्यात त्यांनी खिडकीवाल्यांना एका नोटिशीचं उत्तर पाठवलं होतं, आणि त्यांच्या पत्त्याची पहिली दोन अक्षरं ताईंच्या पत्त्यासारखीच होती. यंत्राने शिष्टाचार दाखवला होता, पण भलत्याच माणसाला. साहेबांनी एवढंच विचारलं, की पुढचं वाचलं नाहीत ना? खिडकीवाले जरा दुखावल्यासारखे म्हणाले, खुर्चीचं वेगळं आणि हे वेगळं.

भाची कोर्टातून आली तेव्हा मामा खुर्चीत मान खाली घालून बसले होते. तिने सगळं ऐकून घेतलं. या दिवसासाठी तिच्याजवळ एक तयार भाषण होतं, कधीचं घोकून ठेवलेलं. मामाचा चेहरा बघून तिने ते गिळलं आणि सरळ खिडकीवाल्यांचं ऑफिस गाठलं.

मेल तिथल्या तिथे पुसून टाकला की झालं, अशी दोन्ही वकिलांची समजूत होती. भाचीने पहिलाच प्रश्न विचारला, की काका, तुमचे मेल कुठेकुठे उघडतात? खिडकीवाले सांगू लागले. ऑफिसच्या संगणकावर. फोनवर. घरी एक टॅब आहे, नात त्यावर चित्रं रंगवते, त्यावर. आणि हो, कारकुनाला एक जुना लॅपटॉप दिला होता, तो तो घरी नेतो, त्यावरही असावेत. भाची मान डोलवत होती. म्हणजे ताईंचं गुपित या घटकेला एका नातीच्या रंगपेटीशेजारी पडलं होतं. तिने नातीच्या आईला फोन लावायला लावला, कारकुनाला बोलावून घेतलं, आणि एकेका यंत्रातून तो मेल काढून टाकला. काढलेला मेल आधी केराच्या टोपलीत जातो आणि तिथे ठाण मांडून बसतो, हे खिडकीवाल्यांना तेव्हा कळलं. ती टोपली त्यांनी जन्मात रिकामी केली नव्हती.

सगळं झाल्यावर भाचीचं लक्ष ऑफिसच्या संगणकाकडे गेलं. त्याची पाठ भिंतीकडे होती आणि तोंड पक्षकारांच्या बाकड्याकडे. तिने विचारलं, दुपारी इथे कुणी बसलं होतं का? खिडकीवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. बसला होता. ताईंचा दीरच आला होता, कागदांवर सह्या करायला. आणि ते स्वतः साहेबांना फोन करायला आतल्या खोलीत गेले होते, तेव्हा मेल पडद्यावर उघडाच होता की बंद केला होता, हे त्यांना छातीठोकपणे सांगता येईना.

भाची परत आली आणि तिने हे मामाला सांगितलं. आता काय करायचं यावर ती दोन पर्याय मांडणार होती. साहेब तोवर उठून कोट घालत होते.

"ताईंना सांगायला हवं."

"मामा, आधी आपण नीट विचार करू, काय सांगायचं, किती सांगायचं—"

"सगळं सांगायचं," साहेब म्हणाले. "फोनवर नाही. मी जातो."

संगणकात मामाचं काडीचंही डोकं चालत नव्हतं, पण या बाबतीत त्यांना कुणी काही शिकवायची गरज नव्हती, हे भाचीने पाहिलं. ती मुकाट्याने त्यांच्यामागे निघाली.

स्टुडिओत ताई कटरवर पासपोर्टचे फोटो कापत होत्या. त्यांचा चष्मा गळ्यात साखळीला लोंबत होता. साहेबांनी बसायच्या आधीच सांगून टाकलं, चूक माझ्या हातून झाली, अशी झाली, आणि तुमच्या दिराने ते वाचलं असेल किंवा नसेल, खात्रीने सांगता येत नाही. सांगताना त्यांचा आवाज नेहमीपेक्षा इतका खाली होता, की ताईंना काही शब्द परत विचारावे लागले. ते परत सांगणं साहेबांना फार जड गेलं.

ताईंनी हातातला फोटो कापून पुरा केला. मग म्हणाल्या, "तुम्ही सांगितलं नसतंत तर मला कधी कळलंही नसतं."

"गोष्ट तुमची होती, ताई. माझ्याकडून सांडली. तुम्हाला सांगायची नाही तर कुणाला?"

साहेबांनी सुचवलं, की आपण काही झालंच नाही असं दाखवू आणि दीर काय करतो ते बघू. त्यांनी हेही सांगितलं, की तुम्हाला दुसरा वकील करायचा असेल तर सगळे कागद आजच नीट लावून देतो. ताईंनी दोन्हीला नकार दिला.

"अंधारात मी खूप वर्षं बसलेय, साहेब. फिल्म धुवायला. त्याला कळलं असेल का, नसेल का, म्हणून नाही बसणार. सरळ मागू या." मग त्यांनी साहेबांच्या मागे उभ्या असलेल्या भाचीकडे बघितलं. "केस तुम्हीच चालवा. पण यापुढे मेल भाचीबाईंनी पाठवायचे."

साहेबांनी मान हलवली. जिना चढून ऑफिसात परत आल्यावर त्यांनी किल्ल्यांच्या जुडग्यातून पेनड्राइव्ह सोडवला आणि भाचीच्या टेबलावर ठेवला.

सरळ मागणं सोपं गेलं नाही. तडजोडीच्या बैठकीत ताई आपल्या तोंडाने म्हणाल्या, जागा तू घे, कपाटं मला दे. दीर चक्रावला. वहिनी एवढी मोठी जागा सोडते म्हणजे त्या कपाटांत नक्की काहीतरी आहे असं त्याच्या डोक्यात शिरलं, आणि त्याने मुदत मागितली. मग दुसरी मागितली. शेवटी त्याने हट्टच धरला, की आधी कपाटं सगळ्यांसमोर उघडून बघायची. तेव्हा दोन वकील, भाची, ताई आणि दीर अशी सगळी त्या मागच्या खोलीत दाटीवाटीने उभी राहून निगेटिव्ह दिव्यासमोर धरून बघू लागली. बहुतेक ठिकाणी परकी माणसंच निघाली, काळ्या चेहऱ्यांची आणि पांढऱ्या केसांची. एका खणात मात्र घरचे फोटो होते. दीर शाळेच्या गणवेशात, दीर सायकलवर, दीर आईच्या मांडीवर झोपलेला. मोठ्या भावाने धाकट्याचे एवढे फोटो काढलेत हे त्याला माहीतच नव्हतं. तो बराच वेळ तो खण हातात घेऊन उभा राहिला. मग म्हणाला, बाकीचं सगळं ने, वहिनी, एवढं मला हवं.

तो खण ताईंनाही हवा होता. नवऱ्याने हातात कॅमेरा धरायला शिकताना काढलेले ते फोटो होते. यावर आणखी एक महिना गेला. शेवटी खण दिराला गेला आणि त्यातल्या प्रत्येक निगेटिव्हचा एकेक फोटो ताईंना मिळाला. सही करताना ताई कुणाकडे बघत नव्हत्या. साहेब त्यांच्या शेजारीच बसले होते. बेत गुप्त राहिला असता तर कुणी कपाटं उघडली नसती आणि तो खणही बाकीच्यांबरोबर ताईंकडे आला असता, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी ते ताईंना बोलून दाखवलं. ताई म्हणाल्या, मलाही कळतं ते. जाताना मात्र भाचीच्या बरोबरीने साहेबांनाही नमस्कार करून गेल्या.

दिराने त्या दुपारी पडद्यावर काही वाचलं होतं का, ते शेवटपर्यंत कळलं नाही. खिडकीवाल्यांनी त्याला एकदा आडून विचारून पाहिलं. तो म्हणाला, कुठला मेल? या उत्तराचे दोन्ही अर्थ होतात हे सांगायला वकील व्हायला लागत नाही.

त्यानंतर ऑफिसात भाचीचं राज्य आलं. प्रत्येकाला स्वतःचा पासवर्ड मिळाला. संगणकाचं तोंड भिंतीकडे फिरलं. व्हरांड्यात बसून फोनला मजकूर सांगणं बंद झालं, त्यामुळे चहावाल्याला काही दिवस करमेना. पेनड्राइव्ह गेला आणि केसेस अशा ठिकाणी ठेवल्या गेल्या, जिथे यंत्र चोरीला गेलं तरी आतलं वाचता येणार नाही आणि यंत्र जळालं तरी दुसरी प्रत शाबूत राहील. मेल तर असा लावून ठेवला, की पाठवल्यावर तो अर्धं मिनिट दारातच थांबायचा, म्हणजे चुकलं असेल तर मागे ओढता येईल.

साहेबांनी हे सगळं मनापासून स्वीकारलं, आणि तीच पंचाईत झाली. गुप्तता म्हटलं की ते कधी अर्ध्यावर थांबत नसत. स्वतःचा पासवर्ड त्यांनी एवढा गुप्त ठेवला की सोमवारी तो त्यांनाही आठवेना. फोनवर आलेला आकडा संगणकाला सांगायचा असतो, हे त्यांना पटवायला भाचीला घाम फुटला. आकडा कुणालाही सांगू नका असं त्यात लिहिलंय, मग मी यालाही का सांगू, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि कायद्याने बघितलं तर त्यात तथ्य होतं. एकदा कुणा भामट्याने बँकेतून बोलतोय म्हणून तोच आकडा मागायला फोन केला. साहेबांनी त्याची उलटतपासणी घेतली. शाखा कुठली, साहेबाचं नाव काय, नोकरीला कधी लागलात, मगाशी वेगळं का सांगितलंत. शेवटी फोन भामट्यानेच ठेवला. टायपिस्टबाई सांगतात, की तो जाता जाता सॉरी म्हणाला.

वर्ष सरत आलं तेव्हा वकील संघाने या विषयावर एक व्याख्यान ठेवायचं ठरवलं आणि भाचीला बोलावलं. भाचीने तयारी केली, पण म्हणाली, सुरुवात मामा करतील. साहेब बाररूममध्ये उभे राहिले. पक्षकाराचं नाव नाही, गाव नाही, खटला कसला हेही नाही. फक्त म्हणाले, मी एका पक्षकाराचं मन समोरच्या वकिलाला पाठवून दिलं, आणि ते वकील सज्जन निघाले हे माझं नशीब, माझी व्यवस्था नव्हे. खाली बसलेले खिडकीवाले मध्येच उठून म्हणाले, की सज्जनपणाचं सोडा, माझ्याकडे तो मेल चार ठिकाणी उघडला होता. सगळे हसले. पण हसताना बऱ्याच जणांचे हात खिशातल्या फोनकडे गेले.

व्याख्यान संपल्यावर भाचीभोवती गर्दी झाली. तो अर्ध्या मिनिटाचा थांबा कुठून लावायचा, हे सगळ्यांना आधी हवं होतं. साहेबांनीही दोघातिघांना दाखवायचा प्रयत्न केला आणि एकाचा फोन पार परक्या भाषेत नेऊन ठेवला, तेव्हा भाचीने त्यांना गोडीने बाजूला केलं. ते खिडकीकडे गेले. खिडकीवाल्यांनी शेजारी दुसरी खुर्ची ओढून दिली. चहा आला. दोघांनी रस्त्यावरच्या गाड्या बघत तो प्यायला, आणि मग साहेबांनी हळूच विचारलं, की आता तुमची ती टोपली कितीदा रिकामी करता?

"रोज," खिडकीवाले म्हणाले. "नातच करते. तिने माझ्या टॅबला पासवर्ड घातलाय आणि मला काही केल्या सांगत नाही."